सुया काढून घेऊ नका

थंडीची चाहूल लागली की अनेक घरांत नातवंडांसाठी स्वेटर, टोपडी, मोजे विणण्यास आरंभ होतो. त्याच सुमारास ‘आईचे हात दुखतात, तिचे विणकाम थांबवू का?’ असा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. माझे उत्तर बहुधा एकच असते: विणकाम सोडू नये, साहित्य बदलावे.

सुती धाग्याला ताण नसतो. प्रत्येक टाक्याला बोटांवर जोर पडतो. त्याऐवजी लवचीक, मध्यम जाडीची लोकर घ्यावी. फिकट रंगावर टाके स्पष्ट दिसतात. मोतीबिंदू असल्यास गडद रंग टाळावेत. बांबूच्या सुया हाताला गार लागत नाहीत, त्यांवरून टाकेही सहज निसटत नाहीत. मोठ्या कामासाठी मधे लवचीक दोरी असलेली गोल सुई वापरल्यास विणलेल्या भागाचा भार मनगटांऐवजी मांडीवर राहतो. दर 20-25 मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटे, मान व खांदे सैल करावेत.

रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, तर मनगटातील नस दाबली जात असण्याचा संभव असतो. मधुमेह व थायरॉइडच्या विकारांत हे अधिक आढळते, तपासणी करावी.

घरच्यांनी आणखी एक पाहावे. वर्षानुवर्षे बिनचूक विणणारी व्यक्ती ओळखीच्या नक्षीतच वारंवार अडखळू लागली, तर ते हसण्यावारी नेऊ नये. प्रथम डोळे तपासावेत; दृष्टी ठीक असल्यास स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. एकाएकी एका हाताची शक्ती गेल्यास मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.