स्टिक सरकली, आता कंट्रोलर कुठे न्यायचा?

तुम्ही स्टिकला हात लावलेला नाही, तरी स्क्रीनवरचा तुमचा खेळाडू आपोआप डावीकडे चालत सुटतो. भिंतीला धडकतो, तरी थांबत नाही. गेम खेळणाऱ्यांना हा आजार चांगला माहीत आहे. याला स्टिक ड्रिफ्ट म्हणतात. आमच्या आखाडा बाळापुरात माझ्या आतेभावाने हळदीचे पैसे आल्यावर हौसेने कंट्रोलर घेतला. कंपनीचं नाव राहू द्या. वॉरंटी बाराव्या महिन्यात संपली आणि चौदाव्या महिन्यात त्याची डावी स्टिक सरकायला लागली. कंपनीकडून फोनवर सल्ला मिळाला, ‘सर, नवीन घ्या.’

‘कुठला कंट्रोलर भारी?’ यावर तुम्ही ढीगभर व्हिडिओ पाहिले असतील. पकड कशी, ट्रिगर किती मऊ, हातात थरथर किती खरी वाटते. दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी असाव्यात की एक वर, एक खाली, यावर तर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. तो वाद त्यांना लखलाभ. बाळापूर, कळमनुरी किंवा वसमतला राहणाऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. बिघडला तर गावात दुरुस्त होईल का? म्हणून या वेळी तुलना तिथूनच करू.

आधी स्टिक बिघडते का, ते बघा. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची, आठवतंय? त्या बटणाच्या आत एक पट्टी असते आणि तिच्यावर घासत फिरणारा एक संपर्क. पट्टी झिजली, धूळ बसली की खरखर सुरू. कंट्रोलरच्या स्टिकखाली हाच प्रकार आहे, फक्त अगदी छोटा. त्याचं नाव पोटेन्शिओमीटर. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स, एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर आणि निन्टेन्डो स्विचचे जॉय-कॉन, तिघांतही तोच. म्हणजे बाहेरून डिझाइन कितीही वेगळं असलं, तरी दुखणं एकच.

फरक पडतो तो उघडताना. ड्युअलसेन्सचे स्क्रू साधे, चौफुलीचे. कुठल्याही मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो स्क्रू ड्रायव्हर असतो. पण आत स्टिक बोर्डाला चौदा ठिकाणी सोल्डर केलेली असते. ती न जाळता काढायची म्हणजे हात बसलेला माणूसच पाहिजे. एक्सबॉक्सचे स्क्रू चांदणीसारखे, मध्ये टोचा असलेले आणि त्यातला एक चक्क सेलच्या खणातल्या लेबलखाली लपवलेला! स्टिक त्यातही सोल्डरचीच. तरी एका गोष्टीसाठी मी एक्सबॉक्सला मार्क देते. तो दोन पेन्सिल सेलवर चालतो. लोक त्याला ‘जुनाट’ म्हणून हसतात, पण पेन्सिल सेल किराणा दुकानातही मिळतो. ड्युअलसेन्सची बॅटरी आत बंद असते. काही वर्षांनी ती थकली की कंट्रोलर उघडण्यावाचून इलाज नाही.

आणि जॉय-कॉन? ड्रिफ्टसाठी सगळ्यात बदनाम तोच. अमेरिकेत २०१९ मध्ये ग्राहक कोर्टात गेले, जून २०२० मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी माफी मागितली आणि २०२३ पासून युरोपात वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्ती मिळू लागली. गंमत अशी, की २०१७ च्या या जॉय-कॉनची स्टिक बदलणं तिघांत सगळ्यात सोपं. सोल्डर नाही. दोन छोटे स्क्रू आणि एक रिबन केबल, बस्स. अडचण फक्त बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या स्क्रूची. आयफोन उघडणाऱ्याकडे त्या जातीचा स्क्रू ड्रायव्हर बहुतेक सापडतो.

यावर उपाय नाही असं नाही. हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये लोहचुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. मोजणारे भाग एकमेकांना घासतच नाहीत, मग पट्टी झिजणार कशी? हे काही कालचं तंत्र नव्हे. सेगाने १९९८ मध्ये जपानमध्ये आणलेल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर होता. आज एटबिटडू, गुलिकिटसारख्या कंपन्या तुलनेने स्वस्त कंट्रोलरमध्येही तो देतात. तरी जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या जॉय-कॉनमध्ये तो नाही. सोनीने २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज आणला. त्याची स्टिक खटकन काढून नवीन बसवता येते. म्हणजे जमतं त्यांना! पण किंमत साध्याच्या जवळपास तिप्पट. साधा ड्युअलसेन्सच भारतात आला तेव्हा ५,९९० रुपयांना होता. दुरुस्तीची सोय ही चैनीची वस्तू कधीपासून झाली?

आता दिल्लीकडे बघा, कारण हा प्रश्न फक्त गेमर्सचा राहिलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. वस्तू दुरुस्तीला किती सोपी, याचे गुण खोक्यावर छापायचे, अशी कल्पना. वस्तू किती खोलवर उघडावी लागते, सुटे भाग वेळेत मिळतात का, हत्यारं आणि स्क्रू कुठल्या जातीचे, हे सगळं त्यात मोजायचं. वर वाचलंत, नेमकं तेच. फ्रान्समध्ये असा इंडेक्स जानेवारी २०२१ पासून लागू आहे. आपल्याकडे पहिला भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. कंट्रोलरचा नंबर कधी लागेल ते लागेल, पण स्क्रूच्या जातीला गुण मिळायला लागले, तर लेबलखाली स्क्रू लपवण्याआधी कंपनी दोनदा विचार करेल, असं मला वाटतं.

तोवर सेकंडहँड कंट्रोलर घेताना एवढं करा. मोबाईल किंवा लॅपटॉपला जोडा, ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर उघडा आणि स्टिक सोडून द्या. आकडे शून्याजवळ थांबायला पाहिजेत. नाचत असतील किंवा एका बाजूला सरकलेले राहत असतील, तर भाव पाडा किंवा सरळ परत द्या.

आतेभावाचा कंट्रोलर शेवटी बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्याने उघडला. आत बघून म्हणाला, “चौदा पाय हायेत याला, दोन दिस ठेवून जा.” नवीन स्टिक ऑनलाइन मागवली, ती यायला आठवडा गेला. तिच्या मजुरीसकट जेवढे पैसे लागले, तेवढ्यात नवीन कंट्रोलरचा चौथा हिस्साही आला नसता. डावी बाजू आता झकास चालते. उजवी किंचित सरकायला लागलीय, असं परवाच तो म्हणत होता.