अपिलाची तारीख आणि गुंतवणूकदार वैद्य

एखाद्या वनौषधी कंपनीचे पेटंट रद्द झाले, तिने अपील केले आणि सुनावणीची तारीख लागली, की समभागधारकांचे सारे लक्ष त्या तारखेवर खिळते. आपल्या व्यवसायबंधूंपैकीही काहीजण आता शिल्लक रक्कम भांडवली बाजारात गुंतवितात व ‘आपल्या क्षेत्रातील कंपनी’ म्हणून अशा समभागांकडे त्यांचा ओढा असतो. निकाल कंपनीच्या बाजूने लागेल काय, एवढेच ते विचारतात. वैद्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. पेटंटमध्ये नेमका दावा कशाचा आहे आणि अर्जाच्या तारखेपूर्वी ते ज्ञान कोणास अवगत होते?

कडुनिंबाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. निंबतेलाने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते यांना पेटंट दिले. डॉ. वंदना शिवा व त्यांच्या युरोपातील सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यास हरकत घेतली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. त्यावरील अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. हरकतीपासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षे लोटली. पेटंटचे आयुष्य अर्जापासून वीसच वर्षांचे. १९९० च्या त्या अर्जावर २००५ मध्ये विजय मिळाला असता, तरी हाती सहा वर्षेही उरली नसती. अपिलाच्या तारखेवर पैसे लावणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

हे पेटंट ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ एवढ्या अभिमानाने रद्द झाले नाही. महाराष्ट्रातील उद्योजक अभय फडके यांनी तेथे साक्ष दिली. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत अशा अर्काच्या शेतावर चाचण्या झाल्याचे पुढे आले. ठिकाण आणि साल सांगता आले, म्हणून त्या साक्षीला वजन आले. हळदीचेही तसेच. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सी.एस.आय.आर.ने १९९७ मध्ये रद्द करविले, ते जुने ग्रंथ व १९५३ चा एक छापील शोधनिबंध पुढे ठेवून.

आपल्या कायद्यातील कलम ३(पी) अन्वये पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. मधुमेहासाठी जांभूळ, लवंगपत्ती व चंदन यांच्या मिश्रणावर बंगळूरच्या अवेस्थाजेन कंपनीस दिलेले पेटंट केंद्र सरकारने २०१२ मध्ये रद्द केले. म्हणून ज्या कंपनीचा दावा संहितेतील द्रव्य आणि संहितेतीलच गुण यांपलीकडे जात नाही, तिचा पाया कच्चा समजावा. नवी अर्कपद्धती किंवा नवी मात्राकल्पना खरोखर शोधणाऱ्यास मात्र संरक्षण मिळणे न्याय्यच आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील ‘पेटंट अथवा प्रोप्रायटरी’ हा केवळ परवान्याचा प्रकार आहे. ग्रंथोक्त द्रव्ये, पण ग्रंथोक्त नसलेला पाठ, एवढाच त्याचा अर्थ. त्याने वीस वर्षांचा एकाधिकार मिळत नाही. ‘आमची सर्व औषधे पेटंट आहेत’ असे सांगून कोणी भागीदारीसाठी पैसे मागितल्यास पेटंटचा क्रमांक विचारावा.

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावातील वैद्य किंवा छोटा फार्मसीचालक म्युनिकला जाणार नाही. पण पुरावा तयार होतो तो त्याच्याच खलापाशी. आपला पाठ, घटकांचे प्रमाण, निर्मितीची तारीख व रुग्णांवरील अनुभव बांधीव वहीत नोंदवावेत. जे गुप्त ठेवावयाचे नाही ते नियतकालिकात प्रसिद्ध करावे. पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेण्याचा अधिकार कलम २५(१) ने कोणत्याही व्यक्तीस दिला आहे. मात्र तारीख नसलेली आठवण तेथे टिकत नाही. दुसऱ्याच्या अपिलाच्या तारखेकडे डोळे लावण्यापेक्षा आपल्या वहीत आजची तारीख घालणे, हीच वैद्याची अधिक शहाणपणाची गुंतवणूक होय.