बंदी, १८+ आणि ‘लपाछपी’: अस्वस्थ करणारे हॉररपट निवडायचे कसे?

रात्री अकरानंतर रील्स स्क्रोल करत बसलात तर ही यादी तुम्हालाही दिसली असेल. काळं बॅकग्राउंड, लाल अक्षरं, ‘हिंमत असेल तरच बघा’ असा इशारा आणि कॉमेंटमध्ये टेलिग्रामची लिंक. यादीतली नावंही बहुतेक ठरलेली असतात: ‘कॅनिबल होलोकॉस्ट’, ‘मार्टर्स’, ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’. प्रत्येक नावापुढे अमुक इतक्या देशांत बंदी, असा आकडा. मराठी नाव अशा यादीत शोधून सापडत नाही.

छत्रपती संभाजीनगरमधल्या प्रेक्षकाला मात्र या यादीतल्या कुठल्याही चित्रपटापेक्षा जास्त हलवून सोडेल असा एक हॉररपट मराठीत आहे, असं माझं मत आहे. त्याच्याकडे येऊच. पण आधी या ‘बंदी’ आणि ‘१८+’ नावाच्या शिक्क्यांचं नेमकं काय प्रकरण आहे ते समजून घेऊ. कारण चित्रपट आपल्यापर्यंत पोचतो तो या शिक्क्यांमधून गाळून, आणि ते गाळणं सिनेमाघरात एक, टीव्हीवर दुसरं आणि ओटीटीवर तिसरंच असतं.

बंदी घातली म्हणजे काय झालं?

टोब हूपरचा ‘टेक्सस चेन सॉ’ १९७४ चा. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने त्याला तब्बल पंचवीस वर्षं अडवून धरलं आणि १९९९ मध्ये पास केलं, तेही एकही कट न लावता. आज बघायला बसलात तर पहिला धक्का हा बसतो की पडद्यावर रक्त फारच कमी आहे. हुकाचा तो कुप्रसिद्ध प्रसंगसुद्धा बराचसा आपल्या डोक्यात घडतो. बोर्डाची अडचण नेमकी तीच होती. भीती एखाद्या शॉटमध्ये असती तर तो शॉट कापला असता. इथे ती सगळ्या चित्रपटभर पसरलेली होती, कात्री लावायची कुठे? हा चित्रपट जरूर बघा.

‘कॅनिबल होलोकॉस्ट’ची (१९८०) गोष्ट वेगळी. इटलीत प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच तो जप्त झाला आणि दिग्दर्शक रुजेरो देओदातो याने खरोखर माणसं मारली असा संशय घेतला गेला. शेवटी त्याला आपले कलाकार जिवंत असल्याचं दाखवून द्यावं लागलं. माणसं मेली नव्हती, पण कॅमेऱ्यासमोर प्राणी मात्र खरोखर मारले होते. सापडलेल्या फुटेजची गोष्ट सांगायची त्याची पद्धत पुढे ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’सारख्या चित्रपटांनी उचलली, हे खरं. तरीही मी हा चित्रपट कुणाला सुचवणार नाही. खऱ्या मुक्या जनावराचा जीव जाताना बघून आपल्याला कळतं काय, या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रपटाकडे नाही.

आणि ‘मार्टर्स’ (२००८)? फ्रान्समध्ये त्याला आधी १८ वर्षांखालच्यांना बंदी असलेला शिक्का मिळाला, मग चित्रपटवाल्यांनी ओरड केली आणि तो १६ वर आला. मधल्या काळात चित्रपट तोच होता. शिक्का तेवढा बदलला.

म्हणजे रीलमधला तो ‘इतक्या देशांत बंदी’वाला आकडा खरा असला तरी त्यातून एवढंच कळतं की कुठल्या तरी बोर्डाने कधी तरी नाही म्हटलं होतं. चित्रपट चांगला की वाईट, हे त्यातून कळत नाही.

टेलिग्रामच्या लिंकबद्दल एक जाता जाता. ‘बघायला आधी हे ॲप टाका’ असं म्हणणारी एपीके फाइल मोबाईलमध्ये घेऊ नका. तुमचे ओटीपी वाचणारं ॲप घुसवायचा हा जुना आणि सोपा रस्ता आहे. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटाची चोरून नक्कल करणं आणि ती दाखवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांचा दंड आहे.

ऊस, सोनोग्राफी आणि ‘लपाछपी’

आता मराठीकडे. विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ १४ जुलै २०१७ ला प्रदर्शित झाला. कर्जात अडकलेला नवरा आपल्या गरोदर बायकोला घेऊन शहरातून एका आडबाजूच्या घरात लपायला येतो. घराभोवती चहूकडे ऊस. बाहेर पडावं तर वाट सापडत नाही, पाच पावलांवरचं दिसत नाही. पूजा सावंतने केलेल्या नेहाला त्या उसात खेळणारी मुलं दिसायला लागतात. घरातल्या तुळसाबाईची भूमिका उषा नाईक यांची. तिच्या प्रेमळ बोलण्यातलं काहीतरी बिनसलेलं आहे हे आपल्याला नेहाच्या आधी कळतं आणि तिथून पोटात गोळा येतो. शेवट सांगत नाही. पण हा चित्रपट ‘मुलगा हवा’ या हट्टातून झालेल्या हत्यांबद्दल आहे, एवढं सांगणं भाग आहे. का, ते पुढे येईल.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हा चित्रपट बघताना बीड आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या शहरातून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर बीड. ऊसतोड कामगारांचा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत तिथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. २०१२ मध्ये परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात २०१९ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. तपासलेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा विषय ‘लपाछपी’त नाही. पण उसाच्या फडात बाईच्या शरीराचं काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला तो फड पडद्यावर नुसता ‘लोकेशन’ म्हणून दिसत नाही.

आणि हे फक्त बीडचं म्हणून आपण हात झटकू शकत नाही. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरात, गारखेडा परिसरातल्या एका घरात पोर्टेबल सोनोग्राफी यंत्रावर बेकायदा गर्भलिंगनिदान चालत असल्याचं प्रकरण छाप्यात बाहेर आलं. टेक्नॉलॉजीच्या वाचकाने इथे जरा थांबावं. पूर्वी सोनोग्राफी म्हणजे एका खोलीत बसवलेलं मोठं मशीन. त्याची नोंदणी व्हायची, तपासणीला येणाऱ्याला ते कुठे आहे हे माहीत असायचं. आता तेच काम हातात मावणाऱ्या प्रोबने आणि एखाद्या टॅबलेटच्या स्क्रीनवर होऊ शकतं. यंत्र जेवढं लहान, तेवढं ते कायद्याच्या नजरेतून निसटायला सोपं. दुसरीकडे गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींशी संबंधित शब्द सर्चमध्ये आपोआप ब्लॉक करावेत, अशी व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये करायला लावली. ती हवीच होती. पण फिल्टरला शब्द कळतात. ज्या घरात यंत्रच दारात येतं, तिथे कुणी काही सर्च करत नाही.

चित्रपटांच्या शिक्क्यांचंही असंच आहे, म्हणून हे सगळं सांगितलं.

एकच चित्रपट, वेगवेगळ्या वाटा

सिनेमाघरात चित्रपट लागायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीने जुन्या यूए गटाचे तीन तुकडे झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. अनेकांना वाटतं की १६+ असेल तर दारावरचा माणूस बारा वर्षांच्या पोराला परत पाठवेल. तसं नाही. हा शिक्का आईबापांच्या माहितीसाठी आहे, तो पाळायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचं, असं कायदाच सांगतो. दारावर अडवलं जातं ते फक्त ‘ए’ला. बोर्डाचा निर्णय निर्मात्याला पटला नाही तर पूर्वी दाद मागायला एक वेगळं न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट हायकोर्ट. छोट्या बजेटच्या निर्मात्याला हा खर्च आणि वेळ परवडत नाही, त्यामुळे तो मुकाट्याने कट मान्य करतो.

टीव्हीवर ‘ए’ चित्रपट दाखवताच येत नाही. तो कापून, यूए करून घेऊन मगच दाखवता येतो. मल्याळम ‘मार्को’ हा हॉरर नव्हे, पण हिंसेमुळे गाजलेला चित्रपट. २०२५ मध्ये त्याला टीव्हीसाठी हा बदल बोर्डाने नाकारला. तोवर तो ओटीटीवर आलेला होता, कुणाच्याही मोबाईलवर चालत होता.

ओटीटीला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्लॅटफॉर्मने स्वतःच शिक्का लावायचा: यू, ७+, १३+, १६+ किंवा ए. १३+ आणि त्यावरच्या सगळ्याला पालकांना लॉक लावता आलं पाहिजे, आणि ‘ए’साठी वयाची खात्रीलायक तपासणी हवी. ही ‘खात्रीलायक तपासणी’ प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी चार-पाच आकड्यांच्या पिनवर येऊन थांबते, आणि तो पिन घरातल्या सातवीतल्या मुलाला आपल्याआधी पाठ असतो.

शिवाय शिक्क्यासोबत कारण लिहायचं असतं: हिंसा, शिवराळ भाषा, मद्यपान वगैरे. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ‘लपाछपी’सारख्या चित्रपटाला ‘हिंसा’ किंवा ‘भीतीदायक दृश्यं’ एवढं लिहिलं की नियम पुरा होतो. पण जिचा नुकताच गर्भपात झालाय, जिने मूल गमावलंय किंवा जी आता सातव्या महिन्यात आहे, तिला या शब्दांतून काय कळणार? चित्रपटात काय *दिसतं* हे शिक्का सांगतो. चित्रपट *कशाबद्दल* आहे हे सांगत नाही. तिकडे सिगारेटचा धूर दिसला तरी पट्टी येते!

फुरिया यांनीच ‘लपाछपी’ हिंदीत ‘छोरी’ नावाने केला. नुसरत भरूचा मुख्य भूमिकेत, २६ नोव्हेंबर २०२१ ला प्राइम व्हिडिओवर आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. हिंदीमुळे विषय देशभर गेला ही मोठी गोष्ट. तरी निवड करायची तर मी मूळ मराठीच सांगेन. उषा नाईक यांची ती घरगुती, गोड मराठी ज्या सहजतेने घाबरवते, ते भाषांतरात थोडं सुटतं.

मराठी मातीतलं दुसरं नाव अर्थातच राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८), जो हिंदीत आहे. त्यातल्या आजीच्या भागामागे नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचा धागा आहे. व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात या चित्रपटाने झाली, पण तेव्हा आपल्याकडे थिएटरं भरली नाहीत. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. तोही बघा, शक्यतो मोठ्या पडद्यावर. त्यातला पाऊस मोबाईलवर वाया जातो.

बघण्याआधी एवढं करा

चित्रपट कुठल्या ॲपवर आहे हे सतत बदलतं. ‘जस्टवॉच’ या साइटवर देश भारत ठेवून नाव टाका, आत्ता कायदेशीररीत्या कुठे मिळतो ते कळेल. परदेशी हॉरर असेल तर भारतात दिसणारी लांबी आणि मूळ लांबी ताडून बघा. दोन-चार मिनिटांचा फरक असला तर काय कापलं असेल याचा अंदाज येतो. ‘डज द डॉग डाय’ नावाची एक साइट आहे. नाव विनोदी वाटेल, पण चित्रपटात गर्भपात आहे का, बाळ मरतं का, कुत्रा मरतो का, असे नेमके प्रश्न तिथे प्रेक्षकच उत्तर देऊन भरतात. मराठी चित्रपटांची माहिती तिथे हवी असेल तर ती आपणच भरायची.

घरात मुलं असतील तर फक्त टीव्हीवर लॉक लावून भागत नाही. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला वयाची मर्यादा आणि वेगळा पिन लावता येतो. तुमच्या प्रोफाइललाही लावा, नाहीतर मूल सरळ त्यात शिरतं. प्राइम व्हिडिओवर मर्यादा कुठल्या उपकरणांना लागू आहे हे निवडायची सोय आहे, त्यामुळे जुना टॅब त्या यादीत आहे ना, ते तपासा.

न कापलेला जागतिक सिनेमा कायदेशीरपणे बघायची आपल्या शहरातली जागा म्हणजे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. महोत्सवांना केंद्राकडून सेन्सॉरमधून सूट घेता येते, मात्र नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरतीच. रीलमधल्या यादीवर दोन रात्री घालवण्याऐवजी तिथलं वेळापत्रक आलं की ते चाळा.

आणि एखाद्या ओटीटी चित्रपटाचा शिक्का किंवा वर्णन तुम्हाला अपुरं वाटलं तर त्याच प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. साइटवर त्याचा पत्ता देणं बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा लागतो. मेलमध्ये चित्रपटाचं नाव, प्रसंग साधारण कितव्या मिनिटाला आहे आणि वर्णनात कुठला शब्द असायला हवा होता, एवढं मराठीतून लिहिलं तरी चालेल.