रिफिट जमतं, ग्रामसभेचं काय?

कामधंदा : चाकरमानी

नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचा बायोडेटा हातात आला, की त्याचं पहिलं पान न वाचता उलटावं, असं माझं मत झालं आहे. त्या पानावर शिस्त असते, नेतृत्व असतं, निष्ठा असते, दडपणाखाली काम करण्याची क्षमता असते. तिसऱ्या पानावर कुठेतरी एक ओळ असते : अमुक जहाजाचं रिफिट पार पाडलं. खरा माणूस त्या ओळीत आहे, आणि मालक तिथवर पोचतच नाही. ‘शिस्त’ हा शब्द वाचूनच तो खूश होतो आणि साहेबांना सिक्युरिटीचा नाही तर ॲडमिनचा प्रमुख करून टाकतो. गेटवरची हजेरी, गाड्यांचे पास, कँटीनचं कंत्राट. वीस-पंचवीस वर्षं इंजिनांच्या संगतीत काढलेला माणूस मग चहाच्या दर्जावर मेमो लिहीत बसतो.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत हे जास्त खटकतं, कारण कामं आज तिथेच निघाली आहेत. मोपाचा विमानतळ उभा राहिला, धारगळला आयुर्वेद संस्था आली, तुयेला इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत आखली गेली. डिचोलीत खाणी पुन्हा हलू लागल्या. काम वेळेत उरकणारी माणसं मिळत नाहीत, ही तक्रार कंत्राटदारापासून मंत्र्यापर्यंत सगळे करतात. आणि दाबोळी, वास्को, वेरे इथल्या नौदलाच्या तळांवर नोकरी करून गोव्यातच घर केलेली माणसं हाकेच्या अंतरावर आहेत.

रिफिट म्हणजे काय, हे ज्यांना कामं द्यायची आहेत त्यांना ठाऊक नसतं, हा यातला मोठा घोळ आहे. मोटारीच्या सर्व्हिसिंगचा मोठा भाऊ, एवढीच त्यांची कल्पना. प्रत्यक्षात युद्धनौका गोदीत यायच्या कितीतरी आधी तिच्या प्रत्येक दुखण्याची यादी होते. कुठला सुटा भाग देशात मिळतो, कुठला परदेशातून यायचा, तो यायला किती महिने लागतील, हे लिहून ठेवावं लागतं. सुक्या गोदीची तारीख ठरलेली असते, कारण मागे दुसरं जहाज उभं असतं. मग जहाज गोदीत चढतं, पाण्याखालचा भाग उघडा पडतो आणि यादीत नसलेला गंज दिसतो. काम वाढतं, तारीख वाढत नाही. गोदीचे कामगार, खासगी कंत्राटदार, शस्त्रांची माणसं, विजेची माणसं एकाच अरुंद जागेत एकमेकांच्या पायात येतात. एकाची वेल्डिंगची ठिणगी दुसऱ्याच्या केबलवर पडू नये, हेही कुणीतरी बघायचं असतं. शेवटी बंदरातल्या चाचण्या, मग समुद्रातल्या. या सगळ्यात जहाजाचा अभियांत्रिकी अधिकारी नुसता देखरेख करत नाही. काम झालं म्हणून ज्या इंजिनावर त्याने सही केली, तेच इंजिन घेऊन त्याला समुद्रात जायचं असतं. आपल्याकडे पुलाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करणाऱ्याला त्या पुलाखाली बिऱ्हाड करायला सांगितलं, तर दाखले किती जपून निघतील!

गंमत म्हणजे ज्या विद्येची प्रशस्तिपत्रं आज कंपन्या उमेदवाराकडे मागतात, ती विद्या बरीचशी आरमाराच्या घरातूनच बाहेर पडली आहे. आडव्या पट्ट्यांचा तक्ता ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो हेन्री गँट पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाजबांधणीच्या कामावर होता. कामांचं जाळं मांडून उशीर कुठे होणार ते शोधणारी ‘पर्ट’ पद्धत १९५८च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात जन्मली. रिअर ॲडमिरल विल्यम रेबॉर्न त्या कचेरीचे प्रमुख होते. १९६०च्या जुलैत पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलारिस सुटलं आणि पर्टचा जगभर बोलबाला झाला. ‘पीएमपी’ परीक्षा घेणारी प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट निघाली ती १९६९ साली.

पण या कहाणीला एक शेपूट आहे. हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२च्या पुस्तकात पोलारिसची चिरफाड केली. त्याचं म्हणणं, पर्टच्या त्या देखण्या तक्त्यांनी काम पुढे सरकलं, असं फारसं झालं नाही; बाहेरच्यांची लुडबूड थोपवायला मात्र त्यांचा छान उपयोग झाला. तक्ते बघून वरिष्ठ आणि राजकारणी गप्प बसले, आणि आत कामाच्या माणसांना काम करता आलं. मला हे पटतं. म्हणूनच निवृत्त अधिकारी पीएमपीची परीक्षा द्यायला निघतात तेव्हा मी त्यांना अडवत नाही आणि फार भरीसही घालत नाही. छाननी करणाऱ्याच्या चाळणीतून अर्ज खाली पडू नये, यापुरती ती उपयोगी. खरी अडचण पुढे आहे.

ती पेडण्यात बघायला मिळते. कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरचा. सह्याद्रीचा काळा कातळ फोडत आलेल्या इंजिनिअरांना दमवलं ते पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ मातीने. खणावं आणि ढासळावं, पुन्हा खणावं. सगळा मार्ग मुंबईपासून मंगळूरपर्यंत २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, तोवर हा बोगदा साऱ्यांचा श्वास अडकवून बसला होता. ऑगस्ट २०२०मध्ये त्याची भिंत कोसळली, जुलै २०२४मध्ये त्यात पाणी आणि चिखल घुसून गाड्या थांबल्या. गंजलेलं पोलाद आतून कसं असेल, याचा अंदाज नौदलाचा माणूस बांधू शकतो. पेडण्याच्या मातीचा अंदाज त्याला नसतो, आणि तो नाही हे त्याने मान्य केलं तर बरं.

मोपाची गोष्ट निराळी. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचा वेळ लष्करी उड्डाणांसाठी राखीव, म्हणून प्रवासी विमानांची दाटी व्हायची. नव्या विमानतळाच्या बाजूने केलेल्या युक्तिवादात हा मुद्दा कायम असे. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी मोपाची पायाभरणी झाली. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला स्थगित केला आणि १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन, ५ जानेवारी २०२३पासून विमानं. मधले साडेनऊ महिने कुठल्याही इंजिनिअरच्या हातात नव्हते. रिफिटच्या तक्त्यात सर्वोच्च न्यायालयाचा रकाना नसतो, कोमुनिदादीचा नसतो, पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन गेली म्हणून सर्व्हेयरसमोर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचाही नसतो.

डिचोलीत तर हे रकानेच जास्त. ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थंडावल्या. डिसेंबर २०२२मध्ये लिलाव झालेल्या पहिल्या चार गटांपैकी तीन याच तालुक्यातले : डिचोली, शिरगाव-मये, मोंत-द-शिरगाव. खाण म्हटली की खनिज नदीपर्यंत आणायचं, आमोणे-सारमानसच्या धक्क्यांवर बार्जमध्ये भरायचं आणि मांडवीतून मुरगावकडे न्यायचं. धक्के, कन्व्हेयर, वर्षानुवर्षं नांगरून पडलेली बार्ज पुन्हा चालती करायची. यातलं एकही काम नौदलाच्या इंजिनिअरला परकं नाही. पण घरं, देवळं आणि शेती खाणपट्ट्यातून वगळा, अशी मुळगावची मागणी आहे, आणि ती मागणी घेऊन आलेला म्हातारा कुणाचाही हाताखालचा माणूस नसतो. कंत्राटदारही हाताखालचा नसतो. दोन महिने बिल अडकलं की तो मुकाट्याने कामगार दुसऱ्या साइटवर हलवतो. हुकूम दिला म्हणून परत आणत नाही. त्याला परत आणायचं तर बिलाचा कागद कुठल्या टेबलावर अडला आहे, ते शोधावं लागतं.

वर्दीतल्या माणसाला हे जमतच नाही, असं मात्र म्हणवत नाही. उदाहरण डिचोलीच्या नदीपलीकडचंच आहे. नार्वेहून फेरीने पलीकडे गेलं की दिवाडी. तिथल्या रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस या छोट्या बोटयार्डात ५६ फुटी ‘म्हादई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९मध्ये नौदलात दाखल झाली. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, आणि नौदलाच्या बाजूने बोट बांधून घेण्याची जबाबदारी कमांडर दिलीप दोंदे यांची. दोंदे इंजिनिअर नव्हेत, पाणबुडे. नौदलासारखी अवाढव्य यंत्रणा एका बाजूला, गोव्यातला लहानसा खासगी कारखाना दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंच्या मध्ये हा एक अधिकारी. तीच बोट घेऊन ते ऑगस्ट २००९मध्ये एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. मालक, कारखानदार आणि प्रवासी या तिघांचं हित एकाच माणसात कसं एकवटतं, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात तो कुणी शिकवतं का, कोण जाणे.

वरच्या हुद्द्यावरच्यांचं तसं बरं चालतं. गोवा शिपयार्डच्या अध्यक्षपदी रिअर ॲडमिरल शेखर मित्तल होते, पुढे कमोडोर बी. बी. नागपाल आले, दोघेही निवृत्त नौदल अधिकारी. कुचंबणा होते ती मधल्या फळीची. कमांडर चोपन्नाव्या वर्षाच्या आसपास घरी येतो. मुलांची शिक्षणं व्हायची असतात, अंगात काम शिल्लक असतं. सरकारी पदांमधलं माजी सैनिकांचं आरक्षण मुख्यतः खालच्या श्रेणींना, अधिकाऱ्याला त्याचा उपयोग नाही. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधी २४ आठवड्यांपर्यंतचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम करवतं, ते चांगलंच आहे. पण त्याच्या नावाजलेल्या योजना कुठल्या? सुरक्षा एजन्सी आणि कोळशाची वाहतूक. सरकारच जिथे गेटकडे बोट दाखवतं, तिथे मालकाला किती दोष द्यावा?

व्यापारी जहाजांवर जाणाऱ्या तारवटी घरातल्या चीफ इंजिनिअरला गोव्यात हा प्रश्न पडत नाही. त्याच्या परवान्यावर त्याची किंमत लिहिलेली असते आणि ती साऱ्या जगाला वाचता येते.

मग पगाराची बोलणी होतात. ‘साहेब, तुम्हाला पेन्शन आहेच की’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे, की ते पाठ्यपुस्तकात घातलेलं असावं असा संशय येतो. पेन्शन आधी केलेल्या नोकरीची आहे. वडिलोपार्जित कुळागर आहे म्हणून कुणी सरकारी डॉक्टरचा पगार कापतो का? साहेबांचाही दोष आहे. मोल करायची सवय नसल्याने ते पहिल्या आकड्याला मान डोलावतात आणि सहा महिन्यांनी धुसफुसत नोकरी सोडतात. मालक मग म्हणतो, फौजी माणसं टिकत नाहीत.

तर अर्ज करणाऱ्याने ती रिफिटची ओळ पहिल्या पानावर आणावी आणि साध्या भाषेत फोडून लिहावी : किती महिन्यांचं काम, किती माणसं, यादीबाहेरचं किती निघालं, तारीख पाळली की हुकली. नोकरी धरण्याआधी एखाद्या बांधकाम कंपनीच्या बिलं करणाऱ्या कारकुनाजवळ महिनाभर बसावं. मोजमाप वही कशी भरतात, रक्कम कुठे राखून ठेवतात, दाव्याची नोटीस किती दिवसांत द्यायची असते, हे अभ्यासक्रमापेक्षा तिथे लवकर कळतं. मराठी-कोकणीत ग्रामसभेसमोर दहा मिनिटं उभं राहून शिव्या ऐकायची तयारीही ठेवावी.

मुलाखत घेणाऱ्याने शिस्तीबद्दल काही विचारूच नये. कुठलं रिफिट वेळेत झालं नाही, आणि ते वरिष्ठांना तुम्ही केव्हा सांगितलं, एवढंच विचारावं. मग उत्तर पुरं होईपर्यंत मधे बोलू नये.