आबांची पेटी आणि शोकेसवाले

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, मुहूर्त लागत नव्हता. गेल्या महिन्यात गावी एक वाद झाला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये. घरातली निम्मी मंडळी हे वाचणार, म्हणून आधीच सांगून टाकतो: आत्या, रागावू नकोस. पण मी माघार घेणार नाही. :-)

आमचं गाव वढू बुद्रुक. नगर रोडवर कोरेगाव भीमाला आत वळायचं. बाहेरच्यांना ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत असतं, आणि फाल्गुन अमावास्येला तर पाय ठेवायला जागा नसते. मी लिहितोय ते मात्र अगदीच घरगुती आहे. आबांची पेटी. म्हणजे हार्मोनियम.

आबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेले, मंडळानं कीबोर्ड घेतला आणि पेटी माळ्यावर गेली. वीस-बावीस वर्षं तिथंच. दोन वर्षांपूर्वी पत्रे बदलताना ती खाली आली तेव्हा भात्याला उंदरानं भोक पाडलं होतं, पट्ट्यांखालचं कातडं कसरीनं खाल्लेलं, आणि खर्जाची अख्खी ओळ मुकी. वरचे सूर तेवढे कसेबसे कण्हत होते.

मी ती पुण्याला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. चार महिने लागले. नवा भाता, नव्या स्प्रिंगा, नवं कातडं. ३७ पट्ट्या आणि दोन ओळी, म्हणजे ७४ रीड. त्यातल्या ११ गंजून चिरल्या होत्या, त्यांच्या जागी पालिताण्याच्या बसवल्या. पट्टी थोडी चढी होती, ती उतरवून घेतली, कारण सप्ताहात दुसऱ्या मंडळाच्या पेटीबरोबर वाजवायची तर सूर जुळायला हवा. आणि (इथंच ठिणगी पडली) आत एक छोटा माईक बसवला. तीस टाळ आणि पखवाज सुरू झाल्यावर बिनमाईकची पेटी किती ऐकू येते हे मंडळात बसलेल्या कुणालाही विचारा.

पेटी घरी आली. आत्यानं माईकची वायर बघितली आणि म्हणाली, "आरं, आबांची पेटी व्हती ती. तू तिची पार वाट लावली." काका म्हणाले, अँटिक वस्तू होती, आहे तशी पुसून शोकेसमध्ये ठेवायची होती, आता तिला काय किंमत राहिली! चुलतभावानं तर एक पुण्याचा व्यापारीच शोधून ठेवला होता. त्याला फक्त जुन्या जर्मन रीड हव्या होत्या. तो काय म्हणाला ऐका: "रीड मला द्या, पेटी तुम्हाला राहू द्या. शोभेला छान दिसेल."

माझा मुद्दा या एका वाक्यात आहे. रीड काढून नेणारा व्यापारी आणि पेटी शोकेसमध्ये ठेवणारे काका एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आपल्याला वाटतं. एक लोभी, एक भावनाप्रधान. पण दोघांच्या हातून पेटीचं होणार तेच: सागवानी खोकं. त्या व्यापाऱ्याला हे कळलेलं होतं, म्हणून तर त्यानं दोघांचीही सोय एकाच सौद्यात करून टाकली. अशा किती पेट्या रिकाम्या होऊन दिवाणखान्यात फुलदाणी डोक्यावर घेऊन बसल्या असतील, देव जाणे.

"मूळ रूप, मूळ रूप" म्हणतात ते कुठलं? कारागिरानं पेटी उघडली तेव्हा मी समोर होतो. आबांनीही ती जुनीच विकत घेतली होती. आत भात्याला कुणीतरी वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या, चार रीड भलत्याच घडणीच्या, एक स्क्रू सायकलचा असावा असा. म्हणजे आबांच्या आधी कुणी आणि बहुधा आबांनीही तिच्यात हात घातलेला होता. आपल्याला जी पवित्र वाटते ती आधीच तीन-चार वेळा दुरुस्त झालेली होती!

आणि वाद्याचं हे असंच असतं हो. पखवाजाला दर वेळी डाव्या बाजूला ताजी कणीक लावतात. तंबोऱ्याची जवारी काढायची म्हणजे घोडी घासायची, दर वेळी थोडी झिजवायची. मिरजेच्या कारागिराला कुणी म्हणतं का, की मूळ जवारीला हात लावू नका? लाखो डॉलरची स्ट्राडिव्हेरियस व्हायोलिनं घ्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या माना १९व्या शतकात बदलल्या किंवा लांबवल्या, आतला बास बार बदलला, कारण मैफलीचे हॉल मोठे झाले आणि पट्टी चढली. त्या बदलल्या म्हणून ती आज वाजतायत.

मुळात पेटी हीच एक बदललेली वस्तू. १८४२ मध्ये पॅरिसला दबँ नावाच्या माणसानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते पायानं भाता मारायचं वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ते हातपेटीच्या रूपात आणलं, कारण आपण जमिनीवर मांडी घालून बसतो. मग १९४० मध्ये आकाशवाणीनं शास्त्रशुद्धतेच्या नावाखाली या पेटीवर बंदी घातली. मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत वगैरे. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या काळात आमच्या भजनात पेटी वाजतच होती. आकाशवाणीला विचारतंय कोण! आणि श्रुतींचा प्रश्न सोडवला तो सुद्धा पेटीत फेरफार करूनच, डॉ. विद्याधर ओकांनी, २२ श्रुतींची पेटी काढून.

माझ्या मावसभावाकडे कॉलेजच्या काळातली जुनी बास गिटार आहे. पलंगाखाली धूळ खात होती. त्यानं नवे पिकअप टाकले, फ्रेट घासून घेतले, तर मित्रांनी त्यालाही हेच ऐकवलं: "व्हॅल्यू गेली रे." व्हॅल्यू विकणाऱ्याला लागते. हा वाजवणारा आहे.

आता एक कबुली. पट्ट्यांवर आबांनी शाईनं सा रे ग म लिहिलेलं होतं, बहुधा शिकायला येणाऱ्या पोरांसाठी. पॉलिशमध्ये ते गेलं. चूक माझी, मी कारागिराला सांगायला विसरलो. आत्याला खरं दुःख त्याचं आहे, माईकचं नाही, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फोटो तरी काढून ठेवायला हवा होता.

असो. मागच्या एकादशीला पेटी देवळात नेली. मंडळाची पट्टी काळी चार. पुतण्यानं, वय वर्षं बारा, दोन्ही ओळी उघडल्या आणि भाता मारला. खर्ज असा आला की पखवाजवाल्यानं मान वर करून बघितलं. काका मागं खांबाला टेकून बसले होते, शेवटपर्यंत उठले नाहीत. आत्या आली नव्हती, पण घरी गेल्यावर तिनं विचारलं, "ऐकू येत व्हती का नीट?"

वरच्या सप्तकातली एक पांढरी पट्टी अजून दाबल्यावर अडकते. पुढच्या पुण्याच्या खेपेला दाखवायची आहे.