ग्रेव्हयार्ड शिफ्ट? अहो, रात्रपाळीच ती!

खालापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलंय. त्यांची मुलगी ऐरोलीला एका कंपनीत लागलीय, राहते मावशीकडे. परवा ती फोनवर सहज म्हणाली, “आई, या महिन्यात मला ग्रेव्हयार्ड शिफ्ट आहे.” ‘ग्रेव्हयार्ड म्हणजे कबरस्तान एवढं मला ठाऊक. ताई, छातीत धस्सच झालं! हे कसलं काम?’ असं त्या विचारतात.

बाई, घाबरू नका. ही आपली साधी रात्रपाळी. कारखान्यात जिला तिसरी पाळी म्हणतात ना, तीच. मध्यरात्रीच्या सुमाराला लागते आणि सकाळी सुटते. त्या वेळी सगळं कसं कबरस्तानासारखं सामसूम, म्हणून १९व्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत तिला हे नाव पडलं. बोटीवरच्या रात्री १२ ते ४ च्या पहाऱ्यालाही खलाशी ग्रेव्हयार्ड वॉच म्हणत. काहीजण एक गोष्ट सांगतात, की चुकून जिवंत पुरलेल्या माणसाने आतून दोरी ओढली तर वर घंटा वाजायची, आणि ती ऐकायला रात्रभर बसणाऱ्याची ती ग्रेव्हयार्ड शिफ्ट. गोष्ट रंगतदार आहे, पण शब्द काही तिच्यातून आलेला नाही, बरं का!

आता वापराचं बघू. हा शब्द सोबत्यांमधल्या गप्पांचा. नोकरीच्या अर्जात किंवा मुलाखतीत ‘नाईट शिफ्ट’च म्हणावं. दुपारी लागून रात्री सुटणाऱ्या दुसऱ्या पाळीला तो चालत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं ‘नाईट मारतात’, तो झाला ऑल-नायटर, म्हणजे एखाद्या रात्रीपुरतं आणि आपणहून केलेलं जागरण. पाळी मात्र नेमून दिलेली असते. आणि एक सांगू? इस्पितळात कुणाचं माणूस अत्यवस्थ असेल, तर तिथे रात्री जागणाऱ्या नर्सच्या कामाला हे नाव चुकूनही देऊ नये.

आपल्या भागात मात्र रात्र कधीच इतकी सामसूम नसते. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली आणून केलेली ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, आणि त्या गिरण्यांत रात्रपाळ्या करायला आपल्या कोकणातलीच माणसं गेली. आमच्या कर्जत स्टेशनात भर रात्रीसुद्धा पुण्याकडच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावायची लगबग चालू असते, कारण बोरघाटाचा चढ तब्बल ३७ फुटांना १ फूट!

मला स्वतःला आपला ‘पाळी’ हाच शब्द जास्त आवडतो. पाळी म्हणजे वारी. शेतात पाण्याची पाळी असते, तशी ही जागण्याची. आज माझी, उद्या तुझी.

बायकांची पाळी मात्र उशिरा आली. इस्पितळातल्या नर्सेस पूर्वीपासून रात्री जागत आल्या, पण १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्यांत बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामाला मनाई केली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला काम करता येतं, पण ते तिच्या संमतीनेच. शिवाय तिच्या सुरक्षिततेची आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. तेव्हा शब्दाला भिण्यापेक्षा मुलीला दोन गोष्टी विचारा. पाळी लावताना तुझी संमती घेतली का? आणि गाडी नाक्यावर सोडते, की मावशीच्या दारात?

तिसरी गोष्ट घरातल्यांसाठी. रात्रपाळी करणाऱ्याची रात्र दिवसा होते. खोलीच्या खिडकीला जाड गडद पडदा लावा. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला बेल वाजवू नका म्हणून सांगून ठेवा. मिक्सर आणि कुकर ती झोपायच्या आधी किंवा उठल्यावर लावा. झोपण्यापूर्वी चहा नको, थोडं हलकं खाणं बरं.

आपल्याकडे घरातला पुरुष रात्रपाळीहून आला, की पोरांना दटावून गप्प बसवतात आणि आल्यागेल्याला ओट्यावरूनच परतवतात. मुलगी किंवा सून आली, तर ‘आलीस? जरा चार पोळ्या लाटून घे आणि मग झोप’ असं सहज तोंडून जातं. चार पोळ्यांत काय एवढं, असं आपल्याला वाटतं, पण तेवढ्यात ऊन वर येतं, घर जागं होतं आणि तिची झोप उडते ती उडतेच. तिच्या बहिणीला तेवढं सांगून ठेवा. कबरस्तानाची शांतता हवी असेल, तर ती अशा वेळी घरात हवी!