पंखा ऐकू येत नाही

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या पंख्याविषयी लिहावे, हा अव्यापारेषु व्यापार आहे हे मला मान्य आहे. या सदरात मी एरवी शब्दांच्या खोड्या काढीत बसतो आणि वाचकही त्या गोड मानून घेतात. पण दिवाळी अंकाचा विषय निघाला तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "खंबाटकीचं लिहा. लोकांच्या उपयोगी तरी पडेल!" त्यातल्या 'तरी' या अव्ययावरचा जोर माझ्या ध्यानात आला. तरीही लिहितो.

आमचे अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर त्यांची हयात गेली. त्यांनी मला शिकवले, मी एम.ए. झालो, कॉलेजात लागलो आणि पुढे ऐपत आल्यावर एक जुनी, पण नीटस अशी लहान मोटार घेतली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना गावोगाव पोहोचवले त्याला आता आपण मागच्या सीटवर बसवून हिंडवावे, असा माझा उदात्त हेतू होता. त्या हेतूत थोडी ऐटही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. काचबिंदूने अण्णांची दृष्टी अधू झाली आहे. संध्याकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. खाली मोटार येऊन थांबते ती त्यांना दिसत नाही. ऐकू मात्र येते.

2019 च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "अरे, तुझ्या गाडीचा पंखा ऐकू येत नाही हल्ली."

"कुठला पंखा?"

"रेडिएटरचा. तू येऊन थांबलास की घुर्र करून सुरू व्हायचा. आठ दिवस झाले, ऐकला नाही."

मी हसलो. म्हणालो, "अण्णा, ही काही एस.टी. नव्हे. या गाड्यांत सगळं आपोआप असतं."

अण्णांनी भातावर ताक वाढून घेतले आणि ते जेवू लागले. विषय तिथेच संपला, निदान माझ्यापुरता. खरे तर दुसरी खूणही समोर होती. सिग्नलला गाडी उभी राहिली की एसीमधून कोमट वारा येई आणि गाडी धावू लागली की पुन्हा गार येई. मी ते मे महिन्याच्या खात्यावर जमा करून मोकळा झालो होतो.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही साताऱ्याला निघालो. अण्णांची पाठची बहीण, म्हणजे माझी आत्या, तिथे दवाखान्यात होती. प्रकृती बरी नव्हती. भेटायची वेळ चार ते सहा. अण्णांनी ती वेळ घरून निघताना एकदा आणि कात्रज ओलांडल्यावर एकदा, अशी दोनदा सांगितली. शिरवळपर्यंत गाडी कशी लोण्यासारखी चालली होती. खंडाळा मागे टाकून खंबाटकीच्या चढाला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर समोर मालमोटारींची रांग उभी दिसली. वर कुठेतरी एक ट्रक बंद पडला होता.

चार पावले पुढे जायचे, थांबायचे. पुन्हा चार पावले. एसी गरम वारा टाकू लागला. "अहो, हा काटा असा वर असतो का?" सौ.नी विचारले. काटा लाल रेघेला टेकला होता. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि तिला एक गोडसर वास होता.

खाली उतरलो, बॉनेट उघडले. रेडिएटरमध्ये पाणी घालावे एवढे ज्ञान मला होतेच. हाताला टॉवेल गुंडाळून मी झाकणाकडे हात नेला. पाण्याची बाटली घेऊन चिरंजीव अगदी शेजारी येऊन उभे राहिले होते.

"हात लावू नकोस! पोराला मागे घे!"

इतक्या मोठ्याने अण्णा ओरडलेले मी लहानपणानंतर ऐकले नव्हते. ते दार धरून खाली उतरले, चाचपडत पुढे आले आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. उजव्या कोपराखाली त्यांच्या हाताला एक गुळगुळीत, चकाकणारा डाग आहे. तो मी जन्मापासून पाहत आलो. कशाचा म्हणून कधी विचारले नव्हते.

"याच घाटात," ते म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधी. घाई होती मला."

आत काय चाललेले असते, ते मला नंतर समजले. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर तापले तरी उकळत नाही. झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि उरलेले उकळते पाणी ती वाफ तोंडावर फेकते. टॉवेल तिथे काय करणार! तेव्हा इंजिन बंद करावे, निदान अर्धा तास वाट पाहावी, वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवली म्हणजे मगच झाकण सावकाश सोडावे. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. त्याने धातूला तडा जाण्याची भीती असते. आणि बंद गाडीच्याही पंख्यात बोटे घालू नयेत. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरू लागतो.

आम्ही पाऊण तास दगडावर बसलो. घड्याळात साडेतीन वाजून गेले. अण्णा एकदाही वेळ विचारीत नव्हते. त्यामुळे मला ती अधिकच आठवत होती. शेवटी वरचा ट्रक हलला. निवलेल्या रेडिएटरमध्ये आम्ही जवळचे पिण्याचे पाणी भरले. अण्णा म्हणाले, "आता रस्ता मोकळा आहे. मध्ये थांबू नकोस. वारा लागू दे." आणि खरेच, वारा लागला तसा काटा मध्यावर येऊन बसला. घाट उतरून सुरूरजवळ एक गॅरेज दिसले तिथे थांबलो.

तिथल्या मिस्त्रीने जे केले ते पाहून मला व्याकरणातल्या वाक्यपृथक्करणाची आठवण झाली. वाक्य चुकले म्हणून तो सगळेच खोडीत बसला नाही. एकेक पद सुटे करून पाहू लागला. आधी त्याने एसी लावायला सांगितला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की हा पंखा फिरतोच. फिरला नाही. फिरला असता तर मोटर शाबूत आणि दोष तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे, असा अर्थ झाला असता. मग त्याने फ्यूज काढून उजेडात धरला. तार अखंड होती. मग पंख्याचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा, अगदी तसाच रिले बसवला. पंखा गप्पच. शेवटी पंख्याचे सॉकेट सोडवून दोन तारांनी बॅटरीचा प्रवाह थेट मोटरला दिला. तरीही नाही. तेव्हा त्याने पान्ह्याच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक केले आणि पंखा घुर्र करून फिरू लागला!

"ब्रश झिजल्यात सर," तो म्हणाला. "मोटर बदलायला लागंल. सातारपातुर डायरेक जोडून देतो. उद्या नवी टाका."

"आमच्या वेळी पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असे," अण्णा त्याला सांगू लागले. "इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. बिघडला तर पट्टा दिसायचा तुटलेला."

"व्हय बाबा. आता इंजिन आडवं बसवत्यात, पट्टा पोचत न्हाई. मारुती आठशेपासनं हे विजेचं पंखे घरोघर आलं." ती गाडी 1983 सालच्या डिसेंबरात आली, एवढे मला ठाऊक होते, ते मी सांगून टाकले. कोणी लक्ष दिले नाही.

मिस्त्रीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. रांगेत अडकले असता काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पुरता सोडावा. आपण घामाघूम होतो, पण इंजिनाची उष्णता थोडी बाहेर निघते. तरीही काटा उतरला नाही तर मात्र थांबायचे. आणि गाडी उभी असताना तापत असेल तरच पंख्यावर संशय घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर कूलंट कमी झाले आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, पाण्याचा पंप की चोंदलेला रेडिएटर, तिकडे पाहावे. कारण धावत्या गाडीला वाऱ्याचाच पंखा असतो. म्हणूनच आठ दिवस मला काही कळले नव्हते. गाडी धावत होती तोवर सारे ठीक होते.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटे कमी होती. दारातल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिले, अण्णांकडे पाहिले आणि त्या बाजूला झाल्या. मी बाहेर थांबलो. आत आत्याने विचारलेले ऐकू आले, "दादा, उशीर का रे झाला?"

"घाटात जरा थांबलो होतो," अण्णा म्हणाले. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

त्या पावसाळ्यात आत्या गेली. ती दहा मिनिटे त्यांची शेवटची ठरली.

मोटर नवी बसवली. तेव्हापासून संध्याकाळी घरी आलो की मी लगेच किल्ली काढीत नाही. गाडी तशीच चालू ठेवून मिनिटभर बसतो. थोड्या वेळाने पुढून घुर्र असा आवाज येतो. मी काच खाली करून वर पाहतो. गॅलरीतून अण्णांचा आवाज येतो :

"ऐकला रे!"

मग मी गाडी बंद करतो आणि वर जातो.